सीजीएचएसने नामंजूर केलेला दावा : ४१६ दिवसांचा हिशोब

बाबांच्या अँजिओप्लास्टीचा दावा सीजीएचएसकडे दाखल केला, तेव्हापासून शेवटची रक्कम खात्यात जमा होईपर्यंत ४१६ दिवस गेले. मधे तो एकदा त्रुटी काढून परत आला आणि एकदा नामंजूर झाला. पहिल्या रात्रीचे कागद तेव्हाच नीट जपले असते, तर यातले निम्मे दिवस वाचले असते. तारखांसकट लिहिते आहे, कारण नामंजुरीचं पत्र आलं की पेन्शनरांच्या घरात माणसं एक तर खचतात, नाहीतर ओळख शोधत फिरतात, आणि तेवढ्यात मुदती सरून जातात.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: सीजीएचएस ही केंद्र सरकारचे कर्मचारी आणि पेन्शनर यांच्यासाठीची आरोग्य योजना, १९५४ साली दिल्लीत सुरू झालेली. निवृत्तीनंतर दर महिन्याला वर्गणी भरता येते किंवा दहा वर्षांची एकदम भरून आयुष्यभराचं कार्ड घेता येतं. पॅनेलवरच्या, म्हणजे सीजीएचएसच्या यादीतल्या हॉस्पिटलात पेन्शनरला खिशातून पैसे द्यावे लागत नाहीत. पॅनेलबाहेरच्या हॉस्पिटलात मात्र तातडीच्या वेळीच जाता येतं. तिथे आधी आपण पैसे भरायचे आणि मग सीजीएचएसच्या दरांनी परत मागायचे. सगळं भांडण या ‘तातडी’ शब्दावर होतं.

११ फेब्रुवारी २०२४, रविवारची पहाट. छातीत दाब, दरदरून घाम, डावा हात जड. पॅनेलवरचं सगळ्यात जवळचं हॉस्पिटल ११ किलोमीटरवर, पॅनेलबाहेरचं एक किलोमीटरच्या आत. शेजाऱ्यांनी गाडी काढली आणि अर्थातच जवळच्या ठिकाणी नेलं. ३ वाजून ४० मिनिटांनी कॅज्युअल्टीत नोंद झाली. पहिला ईसीजी, मग रक्तातल्या ट्रोपोनिनची तपासणी, काही तासांनी तीच पुन्हा. दुसऱ्या वेळी आकडा वाढलेला होता, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा होत होती. आयसीयूत औषधांवर स्थिर करून सोमवारी दुपारी अँजिओग्राफी केली आणि त्याच टेबलवर एक स्टेंट बसवला. १५ तारखेला घरी आलो. बिल २,४१,६०० रुपये.

रविवारी पहाटे भरती आणि सोमवारी दुपारी अँजिओप्लास्टी, हे अंतर पुढे महागात पडलं. हृदयविकाराच्या एका प्रकारात रक्तवाहिनी पूर्ण बंद झालेली असते आणि तिथे तासाभरात धावपळ होते. दुसऱ्या प्रकारात रुग्णाला आधी स्थिर करतात आणि एखाद्या दिवसात अँजिओग्राफी करतात. दोन्ही हार्ट अटॅकच. पण दुसऱ्या प्रकारातला डिस्चार्ज कार्डावरचा मजकूर घाईने वाचणाऱ्याला ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेसारखा वाटतो. आमच्या डिस्चार्ज कार्डावर ‘अँजिओग्राफी व अँजिओप्लास्टीसाठी दाखल’ असंच छापलेलं होतं, कारण हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरमध्ये मजकुराचा साचा तयार असतो आणि त्यात फक्त नाव-तारीख बदलतात. घरी जाण्याच्या गडबडीत ते कुणी वाचलं नाही. तुम्ही वाचा. ‘छातीत दुखू लागल्याने पहाटे अमुक वाजता कॅज्युअल्टीतून तातडीने दाखल’ असं वाक्य नसेल, तर डिस्चार्जच्या आधी डॉक्टरांकडून घालून घ्या. तेव्हा ते पाच मिनिटांचं काम असतं. नंतर डॉक्टर गाठायलाच आठवडा जातो.

४ मार्चला दावा आमच्या सीजीएचएस दवाखान्यात दिला. डिस्चार्जपासून सहा महिन्यांची मुदत असते, पण तिच्या भरवशावर राहू नये. फाईलमध्ये ठरलेला प्रतिपूर्तीचा फॉर्म, कार्डाची झेरॉक्स, डिस्चार्ज कार्ड, मूळ बिलं आणि पावत्या, औषधांचा व तपासण्यांचा सुटा हिशोब, तातडीचं प्रमाणपत्र, स्टेंटचं बिल आणि त्याच्या पाकिटावरचं स्टिकर, नाव व आयएफएससी छापलेला कॅन्सल चेक. मूळ कागद हातचा सुटण्याआधी प्रत्येक पानाला पेन्सिलीने नंबर घालून संपूर्ण संच स्कॅन केला. या एका गोष्टीने पुढे फार वाचवलं. फाईल देताना आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पुढची प्रत्येक चौकशी त्या नंबरानेच होते.

२२ एप्रिलला त्रुटीचं पत्र आलं. दोन पानांवर कार्डधारकाची सही नाही, औषधांच्या बिलात तारीखवार फोड नाही, तातडीच्या प्रमाणपत्रावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक नाही. त्रुटी म्हणजे नकार नव्हे, फाईल अजून जिवंत असते. २ मे रोजी तिन्ही गोष्टी पूर्ण करून दिल्या. तातडीचं प्रमाणपत्र मात्र तेच ठेवलं, फक्त नोंदणी क्रमांक टाकून घेतला. ही चूक होती. त्यावर एकच ओळ होती: ‘रुग्णास तातडीने दाखल करण्यात आले.’ एवढ्याने कुणाचंही समाधान होत नाही.

९ जुलैच्या तारखेचं नामंजुरीचं पत्र १६ तारखेला पोस्टाने हातात पडलं. एक पान, त्यात कामाची एकच ओळ: पॅनेलवर नसलेल्या रुग्णालयात पूर्वपरवानगीशिवाय उपचार घेतले, तातडीची परिस्थिती दिसून येत नाही, सबब दावा अमान्य. बाबांनी पत्र दोनदा वाचलं आणि घडी घालून चष्म्याच्या डबीखाली ठेवलं. छत्तीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाला आपण खोटं बोललो असं कुणीतरी लिहून पाठवलंय, असं वाटलं. त्या दिवशी पैशांपेक्षा तेच जास्त लागलं. तुमच्या घरीही तसं होईल, म्हणून सांगते: पत्र लिहिणाऱ्याने रुग्ण पाहिलेला नसतो. त्याच्यासमोर फक्त आपण दिलेले कागद असतात, आणि त्या कागदांत पहाट कुठेच नव्हती.

पत्राच्या पाकिटावरच्या पोस्टाच्या शिक्क्याचा फोटो काढून ठेवा. मुदती मोजताना पत्र कधी मिळालं याला अर्थ असतो.

लगेच अपील लिहायला बसायचं नाही, आधी फाईलवर काय लिहिलंय ते बघायचं. १८ जुलैला माहिती अधिकाराचा अर्ज केला. केंद्र सरकारचं कार्यालय असल्याने अर्ज ऑनलाइन करता येतो, फी १० रुपये. मागणी नेमकी ठेवली: ‘दावा क्रमांक अमुक या प्रकरणातील संपूर्ण टिपणीच्या पानांच्या प्रती, वैद्यकीय छाननीचा अभिप्राय, आणि ज्या नियम वा परिपत्रकाच्या आधारे दावा अमान्य झाला त्याची प्रत.’ ‘दावा का नाकारला?’ असा प्रश्न विचारू नका. माहिती अधिकारात कागद मागायचे असतात, खुलासा मागितला की अर्ज परतवायला निमित्त मिळतं. उत्तराची मुदत ३० दिवस. आम्हाला २६व्या दिवशी, १३ ऑगस्टला १४ पानं मिळाली, पानाला २ रुपये दराने २८ रुपये भरून.

टिपणीतल्या एका परिच्छेदात सगळं होतं. दाखल होण्याची वेळ कुठेही नमूद नाही. ईसीजी वाचता येत नाही. अँजिओप्लास्टी भरतीच्या दुसऱ्या दिवशी झाली, सबब पॅनेलवरच्या रुग्णालयात हलवणं शक्य होतं.

ईसीजी वाचता येत नाही हे अक्षरशः खरं होतं. ईसीजीचा कागद उष्णतेने छपाई होणारा असतो, जुन्या एटीएमच्या पावतीसारखा. प्लॅस्टिकच्या पारदर्शक फोल्डरमध्ये उन्हाच्या खिडकीशी ठेवला की दोन-तीन महिन्यांत रेषा पुसट होतात, आणि त्यावर सेलोटेप लावली असेल तर तिच्याखालचा भाग आधी जातो. आमच्या पट्टीवर फिकट गुलाबी चौकोन तेवढे उरले होते, वर कोपऱ्यात निळ्या पेनाने लिहिलेलं ३.४२. ईसीजी हातात आला की त्याच दिवशी त्याची झेरॉक्स काढा, फोटो काढा, आणि झेरॉक्सवर डॉक्टरांची सही-शिक्का घ्या.

दरम्यान २० जुलैला हॉस्पिटलच्या मेडिकल रेकॉर्ड विभागात संपूर्ण केसपेपरसाठी अर्ज दिला होता. हा रुग्णाचा हक्क आहे. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या व्यावसायिक आचारनियमांनुसार, मागणी केल्यापासून ७२ तासांत रेकॉर्ड द्यावं लागतं आणि ते उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपावंही लागतं. अर्जात ‘केसपेपर’ एवढंच लिहिलं तर डिस्चार्ज कार्डाचीच दुसरी प्रत मिळते. नावं घेऊन मागा: कॅज्युअल्टीचा पहिला कागद, भरतीच्या वेळची तपासणी, नर्सिंग चार्ट, सर्व ईसीजी, ट्रोपोनिनचे वेळेसहित रिपोर्ट, आयसीयू चार्ट, अँजिओग्राफीचा रिपोर्ट आणि सीडी. आम्हाला २४ जुलैला ६१ पानं मिळाली, खर्च ४५० रुपये. तेव्हाच काढलेली ईसीजीची झेरॉक्स त्यांच्या फाईलमध्ये स्पष्ट होती.

मग उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून नवं प्रमाणपत्र घेतलं. त्यात काय हवं ते आम्ही कागदावर लिहून नेलं होतं, कारण डॉक्टरांना सीजीएचएसची भाषा माहीत असण्याचं कारण नाही. आल्याची तारीख आणि वेळ, तक्रारी, रक्तदाब आणि नाडी, ईसीजीतले बदल, ट्रोपोनिनचे दोन्ही आकडे वेळेसह, निदान, आणि शेवटी सगळ्यात महत्त्वाचं वाक्य: पहिल्या ४८ तासांत रुग्णाला दुसऱ्या रुग्णालयात हलवणं धोक्याचं होतं, आणि का. शिवाय डिस्चार्ज कार्डावरच्या छापील ओळीबद्दल खुलाशाचं वेगळं पत्र. मूळ डिस्चार्ज कार्ड बदलून आणायचा मोह होतो. ते करू नका. तारीख मागची घालून नवा कागद तयार केला की खऱ्या दाव्यावरही संशय बसतो. खुलासा आजच्या तारखेचाच असावा.

२८ ऑगस्टला सीजीएचएसच्या अतिरिक्त संचालकांच्या नावे निवेदन दिलं. दोन पानं, सोबत जोडपत्रं. भाषेबद्दल एक सांगायला हवं: संविधानाच्या कलम ३५० प्रमाणे गाऱ्हाण्याचं निवेदन केंद्राच्या कार्यालयालाही मराठीत देता येतं. बाबांना आपली बाजू स्वतःच्या भाषेत मांडायची होती, म्हणून निवेदन मराठीत दिलं. वैद्यकीय तक्ता मात्र इंग्रजीत जोडला, कारण तो ज्या डॉक्टरांच्या टेबलावर जाणार ते मराठी वाचणारे असतीलच असं नाही.

निवेदनात परिस्थितीचं वर्णन, वय, पेन्शन किती, यावर एक ओळही खर्च केली नाही. टिपणीतले तीन आक्षेप जसेच्या तसे उतरवले आणि प्रत्येकाखाली उत्तर व जोडपत्राचा पान क्रमांक. त्यानंतर वेळेचा तक्ता: ३.४० कॅज्युअल्टी, ३.४२ ईसीजी, ३.५५ पहिलं रक्त, अशी सोमवार दुपारपर्यंतची प्रत्येक नोंद. माझ्या मते दावा फिरला तो या अर्ध्या पानाच्या तक्त्यामुळे.

कायद्याचा आधार एका परिच्छेदात दिला. सर्वोच्च न्यायालयाचा शिवकांत झा विरुद्ध भारत सरकार हा १३ एप्रिल २०१८ चा निकाल नेमका सीजीएचएस पेन्शनरचा आहे. उपचार खरोखर घेतले का, आणि डॉक्टर-हॉस्पिटलच्या कागदांनी ते सिद्ध होतं का, हीच खरी कसोटी. हॉस्पिटल यादीत नाही एवढ्यावर दावा नाकारता येत नाही, असं त्यात म्हटलं आहे. पण तो पूर्ण वाचा, कारण शेवटी ‘हा निर्णय या प्रकरणापुरता’ असंही वाक्य आहे आणि कार्यालयं तेच पुढे करतात. म्हणून सोबत सुरजित सिंग विरुद्ध पंजाब राज्य हा १९९६ चा निकाल जोडला. जीव वाचवण्यासाठी जवळचा पर्याय निवडणं हा माणसाच्या स्वसंरक्षणाचा हक्क आहे, रांगेत थांबायची सक्ती करता येत नाही, हे तिथे आलं आहे. निकालांची पानंच्या पानं जोडू नका, लागू पडणारा परिच्छेद खूण करून पुरे.

आणि मागणी वाजवी ठेवा. आम्ही २,४१,६०० मागितले नाहीत, ‘सीजीएचएस दरांनुसार देय रक्कम’ मागितली. सरकारला दराची मर्यादा घालता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये राम लुभाया बग्गा प्रकरणात मान्य केलेलं आहे. दर कोणता लागणार तेही आधी पाहून ठेवावं: उपचाराच्या दिवशी लागू असलेला. २०२४ मध्ये पॅकेजचे दर सेमी-प्रायव्हेट वॉर्डचे धरलेले होते, जनरलला १० टक्के कमी आणि प्रायव्हेटला १५ टक्के जास्त. वॉर्ड मूळ वेतनावरून ठरतो: ३६,५०० पर्यंत जनरल, ५०,५०० पर्यंत सेमी-प्रायव्हेट, त्यावर प्रायव्हेट. दरांची यादी १३ ऑक्टोबर २०२५ पासून बदलली आहे. त्यानंतरच्या उपचारांना नवी यादी पाहा.

सहा आठवडे काहीच आलं नाही. फोनवर ‘फाईल साहेबांकडे आहे’ एवढंच. हा काळ सगळ्यात कठीण. बाबा दर दुपारी पोस्टमनच्या वेळेला गॅलरीत जाऊन उभे राहायचे, आणि सोडून देऊ या, असं दोनदा म्हणाले. १० ऑक्टोबरला केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर, म्हणजे सीपीग्राम्सवर तक्रार टाकली. ती फुकट असते. ऑगस्ट २०२४ पासून निकालाची मुदत २१ दिवसांची आहे. तक्रारीचा मजकूर छोटा: निवेदनाची तारीख, आवक नंबर, आजवर उत्तर नाही, निर्णय देऊन कळवावं. सोबत निवेदनाची एकच पीडीएफ. २९ ऑक्टोबरला ‘प्रकरण विचाराधीन आहे’ अशा शेऱ्याने तक्रार बंद झाली. अशा वेळी नवी तक्रार टाकू नका, तीही तशीच बंद होते. तक्रार बंद झाल्यापासून ३० दिवसांत तिथेच अपील करता येतं आणि ते वरच्या अधिकाऱ्याकडे जातं. आम्ही ६ नोव्हेंबरला केलं, एका वाक्याचं: ‘विचाराधीन’ हा निर्णय नाही.

याच सुमारास कॅलेंडरवर एक तारीख लाल पेनाने लिहिली: ९ जुलै २०२५. पेन्शनरांना पुढचा मार्ग केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाचा, म्हणजे कॅटचा. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी मुंबईचं खंडपीठ. अर्जाची फी ५० रुपये, वकील लावणं सक्तीचं नाही. पण अंतिम आदेशापासून एक वर्षाची मुदत असते. आधी खात्याकडे दाद मागावी लागते आणि निवेदनाला उत्तर न आल्यास सहा महिने थांबून पुढच्या वर्षभरात जाता येतं. स्मरणपत्रांमागून स्मरणपत्रं पाठवत राहिल्याने मुदत लांबत नाही. या समजुतीत अनेकांचे खरे दावे बुडाले आहेत. म्हणून आम्ही सगळ्यात आधी संपणारी तारीखच धरून चाललो.

१२ डिसेंबरला पत्र आलं: अँजिओग्राफीची सीडी आणि स्पष्ट ईसीजी घेऊन या. कार्यालयात गेल्यावर एका डॉक्टरांनी वेळेचा तक्ता पुढ्यात घेऊन दहा मिनिटांत चार प्रश्न विचारले. पॅनेलवरचं हॉस्पिटल किती लांब होतं, अ‍ॅम्ब्युलन्स का बोलावली नाही, आधी हृदयाचा त्रास होता का, रविवारी डॉक्टर कोण होते. बाबांनी शांतपणे उत्तरं दिली. बाहेर आल्यावर मात्र त्यांचे हात थरथरत होते, बाकावर बसून पाणी प्यायले. रुग्णाला नेणार असाल तर सोबत कुणी असू द्या, आणि औषधाची वेळ सांभाळा.

६ फेब्रुवारी २०२५ ला मंजुरी आली आणि २७ तारखेला लेखा कार्यालयामार्फत १,१४,३०० रुपये जमा झाले. कपातीचा तक्ता मात्र मागून घ्यावा लागला. तो मागाच. त्यात स्टेंटसमोर शून्य होतं. स्टिकरवरचा बॅच नंबर आणि बिलावरचा नंबर एका अंकाने वेगळा. टायपिंगची चूक पुरवठादाराकडून झालेली होती. हॉस्पिटलकडून दुरुस्तीचं पत्र आणि स्टेंटच्या नोंदवहीच्या पानाची प्रत घेऊन पुरवणी अर्ज केला. २४ एप्रिल २०२५ ला तीही रक्कम आली. दोन्ही मिळून १,५२,८००. उरलेले ८८,८०० हे दरांमधला फरक, हातमोजे-सिरिंजसारख्या गोष्टी आणि हॉस्पिटलचे इतर आकार. ते मिळणार नव्हतेच. एकूण खर्च झेरॉक्स, स्पीड पोस्ट, केसपेपर, सीडी धरून ११०० रुपयांच्या आसपास.

बँकेच्या पासबुकात जमा रकमेसमोर दाव्याचा नंबर नसतो, फक्त लेखा कार्यालयाचं आखूड नाव असतं. पेन्शनची थकबाकी समजून ती दुर्लक्षित राहू शकते. मंजुरीपत्र, कपातीचा तक्ता आणि पासबुकाचं ते पान एकत्र टॅग लावून ठेवलं आहे, आणि ईसीजीची झेरॉक्स त्या फाईलमध्ये सगळ्यात वर.